साईतली मरळ

हंबीररावांची रीतच उफराटी. स्वतःचा गुडघा उंबऱ्याला आपटला तर दोष उंबऱ्याचा, आणि सुनेच्या मनगटावर पांढरा डाग उठला तर दोष तिच्या जिभेचा.

"छावणीत मासळी साईत शिजवून खाल्ली हिनं. दूध आन मासळी! कोड न्हाई तर काय मोती उगवत्याल?" ते ओसरीवरनं घरादाराला ऐकवत होते. "पाव्हणं उठलं की हिला म्हायेरच्या यष्टीत बसवायची. मानसिंगला दुसरी बघू."

अंजना साळूबाईंची सून. मानसिंग फौजेत; आधी ती त्याच्यासोबत छावणीत राहिलेली, आता तो सीमेवर. त्याचा बाप वारल्यापासून घरातला शेवटचा शब्द धाकट्या भावाचा, म्हणजे हंबीररावांचा.

एरवी शब्दाला शब्द मोजून देणाऱ्या साळूबाई आज एवढंच म्हणाल्या, "बरं भावजी. पाव्हण्यांचं मी रांधते."

पाहुणे लोणंदचे. हंबीररावांची लेक त्यांना पसंत होती, जेवणं उरकली की सुपारी फुटायची होती. मुलाचे वडील नानासो मासळीचे शौकीन, म्हणून कृष्णेतली ताजी मरळ आणवली होती.

अंजनाला चुलीपाशी यायची बंदी. ती चौकटीबाहेरून सांगत होती, साळूबाई करत होत्या. मरळीचे काटे काढले, पांढऱ्याशुभ्र तुकड्यांना मीठ-लिंबू चोळलं. कांदा तेलात नुसता मऊ केला, लाल होऊ दिला नाही. त्यावर गाजर, वटाणा, फ्लॉवर, ठेचलेली मिरी. मग साळूबाईंनी झाकलेला तांब्या पुढं ओढला आणि आतलं दाट पांढरं पातेल्यात ओतलं.

अंजनाच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्याबाई, नगा! मामंजींना कळलं तर?"

"कळाय पायजेच. आता जाळ किती, ते सांग."

"बारीक. उकळी आली की फुटतंय."

"म्हंजी तुज्या मामंजींगतच."

पंगतीत हंबीररावांनी पळी स्वतः हातात घेतली. "घ्या नानासो, लाजू नका! आमच्या वैनींचा पांढरा रस्सा."

नानासोंनी दोनदा घेतला. "असली मरळ जन्मात खाल्ली न्हाई गड्या. पर ह्यात गाजर-वटाणा कसा?"

साळूबाई पदर सावरून दारात आल्या. "आमची अंजना छावणीत करायची, तीच रीत ही."

नानासोंचा घास हातातच राहिला. "छावणीतली? म्हंजी साईतली? दूध-मासळीनं कोड येतं म्हंत्यात."

"भावजींना इचारा. त्यास्नी त्यातलं लय कळतंय."

पंगत हंबीररावांकडं बघू लागली. येतं म्हणावं, तर व्याह्याच्या ताटात वाढलं होतं त्यांनीच. आणि सुपारी अजून अखंड होती.

"छ्या!" ते हसले. कपाळावर घाम आला होता. "बायकी खूळ हाय ते, नानासो! दूध-मासळीनं कुनाला कोड येत न्हाई. आलं असतं तर सगळी पलटण पांढरी झाली नसती व्हय? मी सांगतो की!"

"तुमी सांगताय तर झालं," नानासोंनी ताट पुढं केलं. "मग सूनबाईलाच बोलवा. तिची रीत, तिच्याच हातनं वाढू द्या."

अंजना आली. डागाच्या हातानं तिनं नानासोंना वाढलं, मग हंबीररावांना. साऱ्या पंगतीदेखत त्यांनी घास घेतला, गिळला आणि मान डोलावली.

सुपारी फुटली. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली तशी हंबीरराव तरातरा स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वैनी! मला? माझ्या व्याह्याला? दुधातली मासळी चारलीसा?"

साळूबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अंजना ह्या घरातनं हलायची न्हाई, भावजी. दूध-मासळीनं कोड येत न्हाई, ह्यो शब्द भर पंगतीत तुमी दिलासा. आन मरळीत नुसता नारळ पिळला हुता मी, दुधाचा थेंब न्हवता."