गार पाण्याची जागा

आनंदराज डोहात उतरला. पाणी

कमरेएवढं

होतं, आणि कोमट. वर कोमट, खालीही कोमट. तो पायाच्या बोटांनी तळ चाचपत पुढं सरकत राहिला. हदगावच्या बाजूला मे महिन्यात पैनगंगा म्हणजे वाळू, आणि त्या वाळूत राहून गेलेला हा एक डोह. हिरवा. कडेला वास मारणारा.

"ओ फौजी, काय हरवलं?" काठावरून शेषेराव ओरडला. दोघं एका वर्गातले. शेषेराव आता ग्रामपंचायतीत पाण्याचं बघायचा.

"गार पाणी शोधून राहिलो."

"मंग फ्रीज घे की! पेन्शन हाय तुला."

आनंदराजच्या हातात लांब, लवचीक काठी होती. हिमाचलात ड्युटीवर असताना तो ट्राउट मासा धरायला शिकला होता. गळाला कोंबड्याचं पीस गुंडाळून माशी करायची. दोरी डोक्यावरून मागंपुढं झुलवायची आणि माशी पाण्यावर अलगद टेकवायची. लागलेला मासा ओल्या हातानं सोडवायचा आणि परत पाण्यात द्यायचा.

इथं ट्राउट नव्हता. कोळशी होती, वीतभर, रुपेरी. पण उन्हाळ्यात मासा कुठलाही असो, तो एकच गोष्ट शोधतो. तळातून झिरपणारं थंड पाणी.

बोटांना एकदम गार लागलं.

तो मागं सरकला. दोरी झुलवली. माशी टेकली, पाणी फुटलं, काठी वाकली. त्यानं कोळशी हातात घेतली, तळहातावर सरळ धरली आणि सोडून दिली. ती तिथंच खाली गेली. तिला दुसरीकडं जायला जागाच नव्हती.

तो हसत काठाकडं निघाला. कधी नव्हे ते. पाणी

गुडघ्याएवढं

झालं तेव्हा त्याला शेषेरावच्या मागं उभा असलेला ट्रॅक्टर दिसला. ट्रॉलीत डिझेल इंजन होतं, काळ्या पाइपाचं वेटोळं होतं. बायका घागरी घेऊन वाळूत बसल्या होत्या.

"हिरीला गाळ लागला," शेषेराव म्हणाला. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "टँकरवाला रोज म्हणतो, रस्त्यात हाय. पण हे असलं पाणी गावाला पाजलं तर लेकरं दवाखान्यात जातील. डोहात झिरा असंलच कुठं तरी. तिथंच पाइप सोडतो. तुझ्याबिगर कुणाला ठावं असणार?"

आनंदराज पाण्यातून वर आला.

"मासा कुठं लागला रे आत्ता? मी ट्रॅक्टरकडं होतो."

झिरा उपसला की डोह दुपारून आटणार. त्याला ते दिसत होतं. सगळा उन्हाळा त्यानं ही एक जागा शोधण्यात घालवला होता. त्यानं काठी उचलली आणि पलीकडच्या खडकाकडं रोखली.

"तिथं."

पारूबाई उठली. त्याची भावजय. इंजन सुरू व्हायची वाट न बघता ती घागर घेऊन खडकापाशी गेली, वाकली, पाणी घेतलं

ओंजळभर

आणि प्यायली.

"गार हाय का, वयनी?" शेषेरावनं विचारलं.

पारूबाईनं पदरानं ओठ पुसले. तिनं आनंदराजकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"भावजीनं सांगितलं म्हंजी असंल."

मग तिनं घागरीच्या तोंडावर पदर धरला आणि पाणी गाळून भरायला लागली. पदरावर हिरवं साचत गेलं.

"एवढी कशाची घाई, वयनी?" शेषेराव म्हणाला.

"मंजुश्री सकाळपासून पाणी मागून राहिली," ती वर न बघता म्हणाली. "बाळंतीण बाई. तिला किती येळ थांब म्हणू?"

मंजुश्री तिची सून. बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं.

आनंदराजनं काठी काखेत धरली. डोहाकडं बघितलं. दोरीच्या टोकाला त्याची माशी अजून पाण्यावर तरंगत होती.

"वहिनी, ओता ते."

तो परत पाण्यात शिरला. चाचपावं लागलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात थांबून त्यानं हातातली काठी तळात रोवली. ती गाळात घुसली आणि उभी राहिली.

"इथं."

शेषेराव पाइप उलगडायला लागला.

उन्हं उतरेपर्यंत डोह

घोट्याएवढा

उरला. पाइपातून नितळ पाणी पडत होतं. ड्रम भरले, घागरी भरल्या, कुणी तरी म्हैस धुतली आणि शिव्या खाल्ल्या. पारूबाई तांब्या घेऊन आली.

"प्या, भावजी. फ्रीजवानी हाय."

तो प्यायला. दात शिवशिवले. पाणी खरंच तसं होतं.

डोहाच्या कडेला पोरं टोपली घेऊन जमली. शेषेराव त्याच्या शेजारी वाळूत टेकला.

"आता धरून सोडायचं न्हाई, फौजी. नुसतं धरायचं."

"घरी न्या. वाटून घ्या."

"तुला?"

"नको."

इंजनाच्या ओढीनं उरलेलं पाणी पाइपाकडं सरकत होतं. होळीनंतर पहिल्यांदा या डोहात पाणी हललं होतं. कोळश्यांना ते कळलं. उघड्या पडलेल्या पाठी घेऊन त्या वळल्या, पाइपाकडं शेपट्या केल्या आणि वरच्या अंगाला, वाळूकडं, तोंडं करून रांगेत उभ्या राहिल्या.

नदीला पाणी आलं की प्रवाहाला तोंड करून राहतात, तशा.