मालिका लागली की गोळी

"आजी, नीट आठवा. साखरेच्या किती गोळ्या दिल्या आजोबांना?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"एकच," आई म्हणाली. "रोज देते तशी. मालिका लागली की एक."

पडद्याआडच्या खाटेवर बाबा घामाने निथळत पडले होते. नर्सने त्यांच्या हाताला सलाइन लावलं होतं. ते डोळे उघडत नव्हते. बोलणं तर दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं, अर्धं अंग गेलं तेव्हा.

डॉक्टरीणबाईंनी त्या दोघांच्या मुलाला बाजूला घेतलं. साखर फार खाली गेली होती, एका गोळीने सहसा जात नाही इतकी. गोळी एकच असेल तर इथेच सलाइनवर भागेल. जास्त असतील तर साखर रात्रभर पुन्हा पुन्हा पडत राहील, म्हणजे आत्ताच वर अतिदक्षता विभागात हलवायला हवं. तिथे एकच खाट रिकामी होती आणि ती मागणारे आणखी दोघे खाली होते. आकडा हवा होता, अंदाज नको.

आकडा कुठून आणायचा? आईच्या बोटांना पाकिटातली गोळी निघत नसे, म्हणून तोच गोळ्या सोडवून डबीत भरून ठेवी. किती भरल्या हे त्याने कधी मोजलं नव्हतं. मोजायची गरजच पडली नव्हती.

आई सकाळचं दुपारी विसरायची. घड्याळ बघून गोळी द्यायची आणि पुन्हा घड्याळ बघायची. भिंतीवर चिठ्ठी लावली, तर जितक्या वेळा वाचायची तितक्या वेळा उठायची. शेवटी त्यानेच युक्ती काढली होती. केबलवर संध्याकाळी सातला एक मालिका लागे. तिचं शीर्षकगीत वाजलं की गोळी. गाणं दिवसातून एकदाच वाजणार, गोळी एकदाच जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भाग पुन्हा दाखवत नाहीत, याचीही त्याने खात्री करून घेतली होती. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

मग गेल्या रविवारी त्याने कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे केबल, दुसरीकडे इंटरनेट. महिन्याचा खर्च, चित्राचा दर्जा, जाहिराती, वारा सुटला की जाणारं प्रक्षेपण. इंटरनेट सात विरुद्ध दोनने जिंकलं. इतकी चौकशी माझं स्थळ बघताना केली नव्हतीत, असं बायको म्हणाली. आज सकाळी टीव्हीचा जुना डबा न्यायला केबलवाला आला, तेव्हा तो दारात घुटमळला. आमचं वेळेला लागतं आणि वेळेला संपतं, घरात म्हातारी माणसं आहेत, बघा बुवा, म्हणाला. गिऱ्हाईक तुटलं की माणूस असंच बोलतो, असं समजून मुलाने ते सोडून दिलं.

आज दुपारी कामाला बाहेर पडताना त्यानेच आईला मालिका लावून दिली होती. आता सातची वाट बघायला नको, म्हणाला होता.

"आज फार हट्ट केला ह्यांनी," आई नर्सला सांगत होती. "तोंडच उघडेनात. शेवटी नाक दाबून दिली."

त्याने वळून पाहिलं. बाबा गोळीला कधीच नाही म्हणत नसत. चमचा दिसला की तोंड उघडायचे.

त्याने फोन काढला. घरच्या टीव्हीवर काय काय पाहिलं गेलं, ते फोनवर दिसत असे. त्याच्या रकान्यांत त्यालाही एक गुण होता. मालिकेचे पाच भाग ओळीने होते. एक संपला की दुसरा आपोआप सुरू झाला होता, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला ते गाणं. पाचव्यानंतर टीव्हीनेच थांबून विचारलं होतं, अजून कोणी पाहत आहे का? कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून सहावा लागला नव्हता.

"पाच," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "कोणी दिल्या?"

आई त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा अगदी निवांत होता. तिने एकच दिली होती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"एक हिने दिली," तो म्हणाला. "चार मी."

"तुम्ही? चुकून?"

"हो. चुकून."

 डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं आणि नर्सला हाक मारली. खाटेची चाकं फरशीवरून खडखडत लिफ्टकडे गेली. बाबांचा एक पाय चादरीबाहेर आला होता. तो झाकायला मुलगा पुढे झाला, तोवर दार बंद झालं.

"अरे, मी दिली होती ना," आई म्हणाली. "मला विचारायचं तरी होतंस."

 आई उठली आणि मध्ये एक खुर्ची सोडून बसली.

थोड्या वेळाने शेजारच्या बाकावरच्या बाईंनी कोण आजारी आहे, असं विचारलं. "आमचे हे," आई म्हणाली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ह्याने चार गोळ्या दिल्या त्यांना. मी एकच दिली होती."

तासाभराने आणखी कोणीतरी विचारलं. आईने तेच सांगितलं, एक शब्दही न चुकता.

आई हे विसरेल म्हणून तो वाट बघत बसला.