विहीणबाईंचं विरजण

विहीणबाईंनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि आजीचं नाक आपोआप वर गेलं. आत एक स्पंज होता. काळा, बुळबुळीत. एखादा उंदीर गटारात पडावा आणि तिथेच म्हातारा व्हावा, तसा.

"हे काय?"

"आमच्या माशांच्या टाकीच्या फिल्टरमधला आहे. आजवर नळाखाली धरला नाही," विहीणबाई म्हणाल्या. सोन्याचा हार दाखवावा अशा थाटात.

"दिसतंय ते."

आजीची टाकी हॉलमध्ये, येणाऱ्याच्या पहिल्या नजरेत भरेल अशी मांडलेली. विहीणबाईंच्या टाकीपेक्षा वीतभर लांब. मुद्दाम. गेल्या खेपेला त्यांच्या घरी विहीणबाई पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात आजीने दोरा लावून माप घेतलं होतं.

सगळं मोठं होतं, फक्त पाणी दगा देत होतं. इतकं पांढरं, की दूधवाल्याने दारातूनच विचारलं, "उद्यापासून रतीब बंद करू का?" मांजर सकाळपासून काचेला जीभ लावून बसलं होतं. आत चार मासे होते म्हणे. ते एकमेकांना धडकले की मागचा माफी मागायचा, तेव्हा कळायचं की अजून जिवंत आहेत.

"पाणी बदलता का?" विहीणबाईंनी विचारलं.

"रोज! सगळंच्या सगळं. सुई पडली तर दिसेल इतकं स्वच्छ भरते. दुसऱ्या दिवशी परत ताक."

"तिथंच चुकतंय. नव्या टाकीत असं होतंच. हात लावायचा नाही, आपोआप निवळतं. तुम्ही बदललंत की बिचाऱ्या पाण्याला परत पहिलीपासून शाळा. हा स्पंज आत पिळा. यातले जंतू चांगले असतात. दह्याला विरजण लागतं ना, तसं."

आजीने डब्याकडे बघितलं, मग टाकीकडे. एवढी त्यांच्यापेक्षा वीतभर लांब टाकी, आणि तिच्यात विहीणबाईंच्या घरचा मळ पिळायचा. मग नात, चिंगी, विचारणार, "पाणी कसं निवळलं?" आणि सून सांगणार, "माझ्या आईने केलं." वर हसणार.

"आमच्याकडे घाणीची टंचाई नाहीये," आजी म्हणाली.

"अशी नसणार. ही मुरावी लागते."

"खरं सांगा विहीणबाई, माझं पाणी नासवायला आलात ना? चिंगी दर शनिवारी तुमच्याकडे पळते. आदल्या दिवशीच पिशवी भरून दाराशी ठेवते. माझेही मासे दिसायला लागले, तर ती कशाला येईल तिकडे?"

विहीणबाई हातातलं झाकण फिरवत राहिल्या.

"मी मासे कशाला आणले होते, ठाऊक आहे?"

"हौस."

"डोंबलाची हौस. मला माशांची किळस येते. चिंगी यायची आणि चपला काढायच्या आधी विचारायची, मला आजीकडे परत कधी सोडणार? आजी म्हणजे तुम्ही. आणि मी कोण? तर 'ती दुसरी आजी'. मग आणली टाकी. त्यानंतर जरा चपला काढायला लागली."

आजीची पाठ थोडी ताठ झाली.

"ह्या शनिवारी आली, ती टाकीकडे पाठ करून बसली," विहीणबाईंचा आवाज चढला. "मी तिच्यासाठी लालभडक नवा मासा आणला होता. ढुंकूनसुद्धा बघितलं नाही! म्हणाली, तुझे मासे तर दिसतातच. मग दोन दिवस एकच धोशा. आजीचे मासे हरवलेत, आजी आणि मी रोज काचेला नाक लावून शोधतो, काल मला शेपूट दिसलं, आजीला फोन लाव, मी नसताना तिने शोधलं तर नाही ना विचार. रविवारी दुपारीच पिशवी भरून उभी!"

"अगं बाई," आजी म्हणाली. चेहरा शक्य तेवढा पडलेला ठेवून.

"म्हणून आणलाय स्पंज. तुमच्यावर उपकार करायला नाही. तुमचं पाणी एकदाचं निवळलं, की माझ्या घरी आल्यावर तरी ती माझ्याकडे बघेल."

विहीणबाईंनी बाही सावरली आणि स्पंजाला हात घातला.

"थांबा थांबा," आजीने डबा आपल्याकडे ओढला. "तुमचे हात कशाला खराब करता? मी पिळते मग. चहा घ्या आधी."

चहा झाला. आजीने साखर विचारली, बिस्किटं दिली, गुडघ्याची चौकशी केली. इतकं गोड ती लग्नाच्या बैठकीतसुद्धा बोलली नव्हती. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि समजा, कुणी रोज पाणी बदलतच राहिलं, तर?"

"तर काय? निवळणारच नाही कधी."

"बरं झालं बाई सांगितलंत."

विहीणबाई चपला घालून वळल्या. "आजच पिळा हं. वाळला तर गेला."

"हो हो. सावकाश जा, पायरी बघा."

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून पार खाली जाईपर्यंत आजी दार धरून उभी राहिली. मग आत आली. डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा कपाटावर, चिंगीचा हात पोचणार नाही इतका वर ठेवला. मांजराला काचेपासून हुसकलं. चिंगी शाळेतून यायला अजून वेळ होता.

पांढऱ्या पाण्यातून एक मासा क्षणभर काचेजवळ आला, आजीला दिसला.

"जा आत," आजी त्याला म्हणाली, आणि बाह्या वर करून तिने बादली उचलली.