रोजची तपासणी

पोस्टमास्तरांच्या छातीत पेसमेकर बसवला आणि त्यांचे चांगले दिवस सुरू झाले. रोज सकाळी ते शर्टाची बटणं काढून खिडकीपाशी बसत. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिला सगळे, अगदी पोस्टमास्तरसुद्धा, बाईच म्हणत. बाई चष्मा सावरून टाक्यांची जागा तपासत. सूज नाही, पाणी नाही, लाली नाही. मग कातडी गरम लागते का ते हाताच्या पाठीने बघत. छत्तीस वर्षांच्या संसारात बाईंनी इतकं निरखून फक्त मुलांच्या वह्यांकडे पाहिलं होतं.

पंचविसाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, व्रण छान सुकलाय. उद्यापासून बघायची काही गरज नाही."

पोस्टमास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेला निघाल्या, तर हे बटणं काढून दारातच उभे. "बाई, जरा बघता का? आज लाल दिसतंय."

बाईंनी पर्स खाली ठेवली. वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ओला रुमाल आणून व्रणाभोवतीची लाली हलक्या हाताने पुसून काढली, आणि नवऱ्याच्या खिशातून डोकावणारं पेन उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं.

"तपासत जाईन रोज," त्या म्हणाल्या. "पण लाल पेन फक्त बाईंनी वापरायचं असतं."