विरजणाचं घोंगडं

रागिणी एसटीतून उतरून घराकडे येताना दिसली, तशा सत्यभामाबाई ओट्यावरच थबकल्या. परभणीला शिकणारी ही पोरगी दोन वर्षांपूर्वी तपासणीसाठी त्यांच्याकडून डबाभर दही घेऊन गेली होती. आता पुन्हा मागेल, आणि द्यायला ते दहीच उरलं नव्हतं.

सासूबाई पार्वतीबाईंच्या हातचं विरजण घरात एकाच गाडग्यात चालत आलं होतं. दिवाळीत सत्यभामाबाई वीस दिवस दवाखान्यात पडल्या. बायको घरी येणार म्हणून ज्ञानबांनी मोठ्या हौसेनं सगळी भांडी राखेनं घासली, तळाशी विरजण राखलेलं ते गाडगंसुद्धा. आईची आठवण आपल्याच हातानं धुऊन टाकली, म्हणून तेव्हापासून बिचारे दह्याला शिवले नव्हते.

रागिणी ओट्यावर टेकली. "मावशी, तुमच्या दह्यातल्या जंतूंच्या अंगावर प्रथिनाचं एक आवरण सापडलं. आतड्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या, मधोमध ओरखडा काढला आणि ते प्रथिन सोडलं. पेशी भराभर वाढल्या, ओरखडा बुजला."

"अंगावर म्हंजी? घोंगडं पांघरून राहतेत का ते?"

"तसंच समजा. आणि जंतू मेला, तरी नुसतं घोंगडं काम करतं."

सत्यभामाबाईंना वारलेली सासू आठवली. दही गेल्याचं आता सांगूनच टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच रागिणीनं पिशवीतून त्यांचा डबा काढला.

"भांडं रिकामं कसं परत देऊ? तुमचंच दही आहे. हॉस्टेलात दर चार दिवसांनी लावत आले."

सत्यभामाबाईंनी बोटानं चाखलं. तीच चव. त्यांनी पोरीला पोटाशी धरलं. "लई उपकार केलेस गं बाई," म्हणताना त्यांना रडू आवरेना.

संध्याकाळी मेंढरं कोंडून ज्ञानबा घरात आले. बायकोनं सगळं सांगितलं. चुलीशेजारी विरजण लावलेलं गाडगं होतं. पौषातल्या गारठ्यात दही लवकर लागत नाही. त्यांनी अंगावरचं घोंगडं काढलं आणि गाडग्याभोवती नीट गुंडाळलं.

"तुमाला थंडी वाजंल की," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"वाजू दे," ज्ञानबा म्हणाले. "माय आलीय घरी."