रिकामं आभाळ

झुंबरबाईचा मोबाईल भरला होता. बंगळूरला नोकरी करणाऱ्या लेकीनं, छकुलीनं, पाठवलेला नवा फोटो उघडतच नव्हता. सून पुष्पांजली जागा करायला बसली.

"आत्याबाई, तीनशे फोटो नुसत्या रिकाम्या आभाळाचे हायेत. उडवू का?"

"रिकामं कुठी हाये? मोठं करून पाह्य."

निळ्यात एक पांढरा ठिपका होता.

"आपल्या वावरावरून जाणारं विमान. छकुली कोणत्यात बसली, मले काय मालूम? म्हणून सारेच काढले." मग तीच म्हणाली, "एक ठेव. बाकीचे जाऊ दे."

छकुलीचा फोटो उघडला. विमानाची खिडकी, आणि खाली हातरुमालाएवढी वावरं. सोबत लिहिलं होतं, "माय, आपलं उंद्री गाव यातच असन."

झुंबरबाईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कापसाच्या वावरात स्वतःला शोधू लागली.