युवराजचं खातं

सर्व्हरचं दार उघडं होतं, आणि बारा वर्षं ते उघडंच होतं, असं सृष्टीनं सांगितलं तेव्हा शांताराम चहात बिस्किट बुडवत होते. त्यांनी आधी ते बिस्किट खाल्लं.

"बंद करू," ते म्हणाले. "बिल्कुल करू. पण आरामात."

फरीदाबादच्या त्या पंप बनवणाऱ्या कंपनीची ईमेल-व्यवस्था शांताराम एकहाती सांभाळत. ती सुरक्षित करून द्यायला सृष्टी गुडगावहून आठवडाभरासाठी आली होती. डिसेंबरचं धुकं दुपारचे दोन वाजले तरी खिडकीला चिकटून होतं. खोलीत हीटरची ऊब, सर्व्हरची एकसुरी घरघर आणि स्क्रीनवर सरकत राहणाऱ्या ओळी. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून कोणी ना कोणी पासवर्ड घालून बघत होतं. बघता बघता तिला पेंग येई. पेंगेत वाटे, अनोळखी माणसं धुक्यातून येतायत, कडी वाजवतायत आणि परत धुक्यात जातायत.

सगळी परत जात. एकच कोणी रोज आत येई, सकाळी सात चाळीसला. खातं युवराज नावाचं.

"सर, हा युवराज कोण? स्टाफच्या लिस्टमध्ये तर नाहीये."

"माझा मुलगा," शांताराम म्हणाले. "विश्वकर्मा पूजेला आमच्याकडे सगळ्यांच्या घरचे कारखान्यात येतात. एका वर्षी मालक खुशीत होते. म्हणाले, पोरांनाही कंपनीचा ईमेल देऊन टाका. त्या दिवशी मशीनबरोबर कीबोर्डलाही कुंकू लावलं आणि बत्तीस खाती उघडली. बाकीची पोरं विसरून गेली."

"आणि युवराज?"

"मी लिहितो ना. रोज चारला, घरी निघायच्या आधी."

"रिप्लाय देतो?"

"नाही. पण वाचलं जातं."

सृष्टीला पुढे विचारवेना. तिनं आपल्या बाबांचे तीन फोन सकाळपासून उचलले नव्हते. ते तिला उगाच आठवले.

मालकांचा हुकूम सरळ होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येक खात्यापुढे एक फोन नंबर हवा. आत यायचं तर त्या फोनवर आलेला कोड घालायचा. ज्या खात्याला नंबर नाही, ते बंद.

नोंदी तपासताना शांतारामांच्या पत्रांचे विषय तिच्या डोळ्यांपुढून जात. 'शेवंतीला कळी आली.' 'गुडघा आज बरा.' 'कालचं पिठलं.' आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा, 'चुकलं माझं.' पत्र उघडायचा तिला अधिकार नव्हता, आणि धीरही झाला नसता. पोरगा घर सोडून गेला असणार आणि बाप त्याला पिठल्याबद्दल लिहितो, असं धरून तिनं नोंदी पटकन पुढे सरकवल्या.

गुरुवारी तिनं सात चाळीसचा माग काढला. तो परदेशात गेला नाही, दुसऱ्या शहरातही गेला नाही. दक्षिण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये जाऊन थांबला. रविवारी सर्व्हर अडला की शांताराम ज्या घरातून तो चालू करत, तेच घर.

शांताराम सातला मेट्रोसाठी बाहेर पडत. त्यांची बायको उल्का एका मंत्रालयात नोकरीला होती, ती साडेआठला निघे. मधला दीड तास घरात ती एकटीच असे.

म्हणजे युवराज वाचत नव्हताच. नवऱ्याची आशा तुटू नये म्हणून आई वाचत होती. इतकी वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हे दिसलं कसं नाही? पण माणूस सोसवेल तेवढंच बघतो, अशी सृष्टीनं स्वतःची समजूत घातली. हे आपल्या तोंडून त्यांना कळायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं.

त्या एका खात्याला कोडमधून सूट द्यावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण एक खातं उघडं राहिलं की सगळं घर उघडं, हे तीच चार दिवस सगळ्यांना ऐकवत होती.

शुक्रवारी चारला ती यादी घेऊन बसली. बाहेर धुकं पुन्हा उतरू लागलं होतं.

"काका," ती पहिल्यांदाच काका म्हणाली, "युवराजचा नंबर आहे तुमच्याकडे?"

शांतारामांनी यादी आपल्याकडे ओढली.

"कोड त्याच फोनवर येणार?"

"हो. मेसेजमध्ये ॲडमिन म्हणून तुमचं नाव असेल."

"म्हणजे ज्याच्या हातात फोन, त्याला कळणार की नंबर मी दिला."

"हो."

"आणि नाही दिला तर?"

"खातं आजच बंद. मग तुम्ही लिहिलेलं कोणालाच वाचता येणार नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पेन घेतलं आणि यादीत दहा आकडे लिहिले, अगदी सावकाश.

"हा युवराजचा?"

"नाही. उल्काचा."

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि युवराज? तो कुठे असतो, काहीच पत्ता नाही?"

"त्याचा पत्ता नसायला काय झालं? दिल्लीतच मुनिरक्यात असतो, पीएचडी करतोय. दर रविवारी जेवायला येतो," शांताराम म्हणाले. "माझ्याशी बोलत नाही ती उल्का. सहा वर्षं झाली."